गणित सोडवण्याआधी ते वाचायला शिका: आकडे, चिन्हं आणि क्ष, अगदी पहिल्यापासून

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. दहावीनंतर गणित सुटलं आणि आता स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात नवी पेठेत नाहीतर सदाशिव पेठेत खोली घेऊन पुन्हा तेच पुस्तक उघडावं लागतंय अशी मुलं, लेक सातवीत गेली आणि तिच्या वहीतलं काही समजेना झालंय असे आईबाबा, मराठी मीडियममधून आलेले आणि कॉलेजात सगळं एकदम इंग्रजीत सुरू झाल्यामुळे गांगरलेले. अशा लोकांना मी संध्याकाळी शिकवते. यातल्या जवळजवळ सगळ्यांना हिशेब उत्तम येतो, मंडईत भाजी घेताना एक रुपया चुकत नाही, आणि तरी कागदावर गणिताची एक ओळ आली की हात थांबतो, कारण ती ओळ कशी वाचायची हेच कोणी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिली पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ओळ मोठ्यानं वाचा. मराठीत वाचा. + म्हणजे अधिक, − म्हणजे वजा, × म्हणजे गुणिले, ÷ म्हणजे भागिले, = म्हणजे बरोबर. २/३ म्हणजे दोन छेद तीन किंवा दोन तृतीयांश. ५² म्हणजे पाचचा वर्ग, ५³ म्हणजे पाचचा घन, √९ म्हणजे नऊचं वर्गमूळ. < असेल तर "पेक्षा लहान", > असेल तर "पेक्षा मोठा", उघडं तोंड नेहमी मोठ्या संख्येकडे. कंस असेल तर "कंसात" असं म्हणा आणि संपला की "कंस पूर्ण" म्हणा. अभ्यासिकेत बसला असाल तर मनात म्हणा, पण प्रत्येक चिन्हाला शब्द द्या. जी ओळ तुम्हाला वाचता येत नाही ती सोडवायला घेऊ नका, हा माझा एकमेव कडक नियम आहे.

पुस्तकात अक्षर म्हणून इंग्रजी एक्स, वाय असतात, मी इथे क्ष, क, ख वापरतेय. अर्थ तोच.

शेजारी शेजारी लिहिलं की काय होतं?

ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात ठळकपणे लिहिलेली नसते आणि इथेच भलेभले अडकतात, त्यामुळे जरा थांबून बघू.

२७ लिहिलं तर त्यात २ आणि ७ शेजारी आहेत आणि त्याचा अर्थ आहे २ दशक आणि ७ एकक, म्हणजे २×१० + ७. जागेला किंमत आहे. आता २ १/२ लिहिलं तर २ आणि अर्धा शेजारी आहेत, पण इथे मध्ये न दिसणारा अधिक आहे, २ + १/२, म्हणजे अडीच. आणि २क लिहिलं तर मध्ये न दिसणारा गुणिले आहे, २ × क. तीन ठिकाणी लिहायची पद्धत एकच दिसते, अर्थ तीन वेगळे. क ची किंमत ७ असेल तर २क म्हणजे १४, सत्तावीस नाही. आणि अंकगणितातून बीजगणितात येणारा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास सत्तावीस म्हणतो, त्यात त्याचा काही दोष नाही, वर्षानुवर्षं शेजारी लिहिलेल्याचा अर्थ त्याला वेगळा शिकवलेला असतो.

मग एखादं गणित म्हणतं की "दोन अंकी संख्येच्या दशकस्थानी क आणि एककस्थानी ख आहे". ती संख्या कख अशी लिहायची नाही, कारण कख म्हणजे क गुणिले ख. ती लिहायची १०क + ख. अंकांची अदलाबदल केली की १०ख + क. स्पर्धा परीक्षेत या एका मांडणीवरची उदाहरणं भरपूर येतात.

स्थानिक किमतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्याकडे स्वल्पविराम आधी तीन अंकांनंतर आणि मग दोन-दोन अंकांनी येतो, १०,००,००० म्हणजे दहा लाख. इंग्रजी बातमीत किंवा काही सॉफ्टवेअरमध्ये तीन-तीन अंकांनी येतो, तिथे मिलियन वाचायचं. पगाराच्या आकड्यात गफलत होऊ नये म्हणून आधी शून्यं मोजा, स्वल्पविरामावर विसंबू नका. आणि संख्यांची मराठी नावं लहान मुलांना खरंच अवघड जातात, आपण सत्तावीस म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" ही पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. मला स्वतःला ती जोडीला ठेवायला हरकत वाटत नाही, सत्तावीस म्हणायचंच पण सुरुवातीला वीस सातही म्हणू द्यावं, मूल उलटं लिहायचं थांबतं.

बरोबरचं चिन्ह म्हणजे "उत्तर आलं" नाही

= हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या माणसानं १५५७ मध्ये छापलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्यानं घेतल्या, कारण त्याच्या मते त्यापेक्षा जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. म्हणजे चिन्हाच्या डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे ते एकच. एवढंच.

पण कॅल्क्युलेटरवर = दाबलं की उत्तर येतं, त्यामुळे आपल्या डोक्यात त्याचा अर्थ "आता उत्तर लिहा" असा बसतो, आणि मग वहीत असं दिसतं:

४५ + ३५ = ८० × २ = १६० − १० = १५०

शेवटचा आकडा बरोबर आहे, पण ओळ खोटी आहे. वाचून बघा, "पंचेचाळीस अधिक पस्तीस बरोबर ऐंशी गुणिले दोन". ८० बरोबर १६०? नाही ना. हे वेगवेगळ्या ओळींवर लिहायचं, ४५ + ३५ = ८०, खाली ८० × २ = १६०, खाली १६० − १० = १५०. अंकगणितात ही सवय खपून जाते पण पुढे समीकरणं आली की तीच सवय पाय ओढते, म्हणून आत्ताच मोडा. आणि ७ = ४ + ३ असं उलटं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, ते तितकंच बरोबर आहे.

आधी काय करायचं: कंचेभागुबेव

मराठी शाळेत शिकलेल्यांना हा शब्द आठवत असेल, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी मीडियमवाले बोडमास म्हणतात. "चे" म्हणजे "२० चे १/४" मधला चे, तिथे गुणायचं असतं.

२ + ३ × ४ किती? १४. आधी ३ × ४. तुमच्याकडे दुकानात असतो तसला साधा कॅल्क्युलेटर असेल तर तो २० दाखवेल, कारण तो बटणं दाबाल तसतसं करत जातो, आणि मोबाईलमधला १४ दाखवेल. मशीन बिघडलेलं नाहीये, साध्या मशीनला पूर्ण ओळ दिसतच नाही.

आता या सूत्रातला एक सापळा. कंचेभागुबेव मध्ये बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर आहे, म्हणून १० − ४ + ३ मध्ये पुष्कळ जण आधी ४ + ३ = ७ करतात आणि मग १० − ७ = ३. चूक. उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच मानाच्या आहेत, दोन्ही असतील तर डावीकडून उजवीकडे जायचं. भागाकार-गुणाकाराचंही तेच, २४ ÷ ६ × २ म्हणजे ४ × २ = ८.

आणि व्हॉट्सॲपवर ते ८ ÷ २(२ + २) फिरत असतं, कोणी १६ म्हणतं कोणी १ म्हणतं आणि घराघरात भांडणं. डावीकडून सरळ गेलं तर १६ येतं. पण २(२ + २) हा एकजीव गठ्ठा मानायची पद्धतही पुष्कळ ठिकाणी चालते, आणि मग १ येतं. माझं मत स्पष्ट आहे, प्रश्नच वाईट लिहिलाय. लिहिणाऱ्यानं एक कंस जास्त घातला असता तर वाद झालाच नसता. तुम्ही लिहिताना शंका वाटली तर कंस घाला, जास्तीच्या कंसाचे मार्क कोणी कापत नाही.

वजा, उणे आणि ऋण

− हे एकच चिन्ह तीन कामं करतं. ७ − ३ मध्ये ते क्रिया आहे, सातातून तीन काढा. −३ मध्ये ते संख्येचाच भाग आहे, उणे तीन, मॉलच्या लिफ्टमध्ये पार्किंगचं बटण असतं ना −१, −२, तसं. आणि −क मध्ये ते "क च्या विरुद्ध" सांगतं. या तिसऱ्याकडे नीट बघा, −क ही ऋण संख्याच असेल असं काही नाही. क = −५ असेल तर −क म्हणजे ५.

ऋण संख्यांशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये लिहून ठेवलेत आणि त्यानं शब्दही धन आणि ऋण असेच वापरले होते. ऋण म्हणजे कर्ज हे डोक्यात ठेवलं तर निम्मे नियम आपोआप सुटतात. खिशात ५०० आणि देणं ८००, तर ५०० − ८०० = −३००. २०० चं देणं माफ झालं म्हणजे −(−२००), तुम्ही २०० नं वर आलात, म्हणून + २००. ऋण गुणिले ऋण धन का, तेही असंच बघता येतं, दोनशेची तीन देणी रद्द झाली, (−३) × (−२००) = ६००.

कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या प्रत्येकाचं चिन्ह बदलतं. −(क − ४) म्हणजे −क + ४. पहिल्याचं बदलायचं आणि दुसऱ्याचं विसरायचं, ही चूक इतकी होते की मी मुलांना कंस सोडवताना बोट ठेवायला लावते.

आणि हे पाठच करा, −३² म्हणजे −९, आणि (−३)² म्हणजे ९. पहिल्यात वर्ग फक्त ३ चा, वजा बाहेर आहे. दुसऱ्यात कंसामुळे पूर्ण उणे तीनचा वर्ग. ऑफिसात एक्सेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एक्सेलमध्ये सुरुवातीला वजा देऊन तीनचा वर्ग टाईप केला तर ते ९ देतं, गणिताच्या पुस्तकाशी ते जुळत नाही, म्हणून तिथे कंस स्वतः घालायचा.

अपूर्णांक: मधली रेघ म्हणजे कंसच

वर अंश, खाली छेद. छेद कधीही शून्य नसतो. मधल्या आडव्या रेघेचं एक काम सांगितलं जात नाही, ती वरच्याला आणि खालच्याला न दिसणारा कंस घालते. वहीत क + ६ च्या खाली रेघ आणि रेघेखाली ६ असेल तर ते (क + ६)/६ आहे, आणि टाईप करताना तो कंस तुम्हालाच घालावा लागतो, नाहीतर क + ६/६ होतं आणि ते म्हणजे क + १.

आता या (क + ६)/६ मधले दोन सहा "उडवून" क उरवणारे खूप आहेत. क च्या जागी ६ टाकून तपासा, १२/६ = २, आणि तुमचं उत्तर म्हणतंय ६. जमलं नाही. वरच्या दोघांनाही ६ नं भागायला हवं, क/६ + १. उडवता येतं ते गुणाकारातलं, बेरजेतलं नाही, ६क/६ असेल तर खुशाल उडवा.

बेरजेत छेद समान करायचा. १/२ + १/३ = ३/६ + २/६ = ५/६. वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारते, अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?

आपल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असायची, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. आपल्याला पाठ नसली तरी पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द तर रोज तोंडात आहेत, तेव्हा ३/४ दिसला की पाऊण म्हणा, भीती जाते.

टक्का म्हणजे छेद १०० असलेला अपूर्णांक. पण टक्का कशाचा हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. लक्ष्मी रोडला सेलमध्ये "२० टक्के सूट, वर आणखी २० टक्के" असं लिहिलं असेल तर ती ४० टक्के सूट नाही. १००० चा शर्ट आधी ८०० ला आला, दुसरे २० टक्के या ८०० चे, म्हणजे १६०, हातात आला ६४० ला. सूट ३६ टक्के.

घात आणि मूळ, थोडक्यात

२⁵ म्हणजे २ स्वतःशी पाच वेळा लिहून गुणायचा, ३२. खालचा २ पाया, वरचा ५ घातांक. २ × ५ करून दहा लिहू नका. √९ म्हणजे फक्त ३, पण "क्ष² = ९" विचारलं तर क्ष ३ किंवा −३ दोन्ही. आणि (क + ख)² म्हणजे क² + ख² नव्हे. ३ आणि ४ टाका, ७² = ४९, आणि ९ + १६ = २५. मधले २४ कुठे गेले? ते २कख आहेत. (क + ख)² = क² + २कख + ख².

अक्षर म्हणजे संख्या, वस्तू नाही

इथून बीजगणित. पुस्तकातलं एक्स बघून घाबरणाऱ्यांना मी भास्कराचार्यांचं सांगते. ११५० च्या सुमारास त्यांच्या बीजगणितात माहीत नसलेली संख्या "यावत्तावत्" म्हणून यायची, तिची खूण "या". दुसरी अज्ञात संख्या लागली तर रंगांची नावं, कालकचा "का", नीलकचा "नी". आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. युरोपात एक्स, वाय, झेड आणि वर छोटा घातांक ही आजची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकानं रुळवली. म्हणजे अक्षर कुठलंही घ्या, ते एका संख्येच्या जागी उभं आहे.

संख्येच्या, हे महत्त्वाचं. "व म्हणजे वडापाव" असं लिहू नका, "व म्हणजे एका वडापावची किंमत रुपयांत" असं लिहा. दोन्हीत फरक काय ते या वाक्यात कळतं: "वर्गात मुलगे मुलींच्या तिप्पट आहेत." क मुलग्यांची संख्या आणि ख मुलींची. पटकन लिहिणारा ३क = ख लिहितो, मुलगे जास्त आहेत म्हणून ३ त्यांनाच चिकटवून. आकडे घालून बघा, मुली १०, मुलगे ३०. ३ × ३० = १०? अजिबात नाही. बरोबर मांडणी क = ३ख. वाक्यावरून समीकरण केलं की एकदा साधे आकडे टाकून बघायचंच, अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बहुतेक चुका तिथेच सापडतात.

५क + ३ख − ७ या राशीत तीन पदं आहेत. ५ हा क चा सहगुणक, क आणि ख ही चलं, −७ हे स्थिरपद. सजातीय, म्हणजे अक्षर आणि घात सारखे असलेल्या, पदांचीच बेरीज होते, ५क + ३क = ८क. ५क + ३ मात्र तसंच राहतं, त्याचं ८क होत नाही (क = २ टाका, १३ आणि १६). कंसाबाहेर संख्या असेल तर आतल्या सगळ्यांना गुणते, ३(क + २) = ३क + ६. हे तुम्ही तोंडी हिशेबात वापरताच, ७ × ९८ करताना सातशेतून चौदा काढता ना, तेच ७(१०० − २) = ७०० − १४ = ६८६.

समीकरण सोडवताना

शाळेत शिकवतात, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं". पटकन जमतं म्हणून शिकवतात, पण मला ही पद्धत नवख्यांसाठी पसंत नाही, कारण मग ३क = १२ मध्ये ३ पलीकडे नेऊन क = १२ − ३ = ९ लिहिणारे तयार होतात. त्याऐवजी एकच गोष्ट करा, दोन्ही बाजूंना तेच करा. दोन्ही बाजू सारख्या आहेत हे = नं सांगितलंय, तेव्हा दोन्हींतून तेवढंच काढलं, दोन्हींना त्यानंच भागलं, तर त्या सारख्याच राहतात. ३क = १२, दोन्ही बाजूंना ३ नं भागा, क = ४.

रिक्षाचं घेऊ. सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असा दर लागू झाला. दर बदलले तर फक्त आकडे बदला. क्ष किलोमीटर प्रवास झाला, दीडपेक्षा कमी नाही, तर भाडं

२५ + १७(क्ष − १.५)

मीटर ११० दाखवतंय, किती किलोमीटर आलो?

२५ + १७(क्ष − १.५) = ११०
दोन्ही बाजूंतून २५ वजा: १७(क्ष − १.५) = ८५
दोन्ही बाजूंना १७ नं भागून: क्ष − १.५ = ५
दोन्ही बाजूंत १.५ मिळवून: क्ष = ६.५

साडेसहा किलोमीटर. आता उत्तर मूळ ओळीत परत घाला, ६.५ − १.५ = ५, १७ × ५ = ८५, अधिक २५, ११० आले. हा ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका. बघा, कंस आधी फोडावाच लागतो असंही नाही, इथे तो शेवटपर्यंत ठेवल्यानं काम कमी झालं.

जीएसटीचं याहून सोपं. १८ टक्के धरून बिल ५९० झालं, मूळ किंमत? बरेच जण ५९० चे १८ टक्के काढून वजा करतात. पण टॅक्स मूळ किमतीवर लागलाय, तेव्हा मूळ किंमत क्ष, १.१८क्ष = ५९०, क्ष = ५००.

> आणि < असलेल्या ओळीही अशाच सोडवायच्या, फक्त ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं तर चिन्ह उलटतं. ५ > ३ खरं, दोन्हींना −१ नं गुणलं तर −५ < −३.

सरावासाठी बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं घ्या, अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात आणि पीडीएफ बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत. मोठ्या माणसांना पाचवीचं पुस्तक हातात धरायला संकोच वाटतो, कव्हर घाला आणि धरा, कारण महागड्या गाईडमध्ये शॉर्टकट असतात आणि चिन्हांची ओळख गृहीत धरलेली असते. रोज अर्धा तास, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून, प्रत्येक उत्तराचा ताळा करून. आठवीच्या पुस्तकातलं समीकरणांचं प्रकरण असं संपवलंत की नववीचं बीजगणित सुरू करा.